अमावास्येचं तेल

इंजिनातली तेल मोजायची सळई मालक दोन बोटांत धरून बाहेर काढत. टोकाला लागलेलं तेल आधी उन्हाकडे धरून बघत, मग अंगठ्यावर घेऊन चोळत, मग डोळे मिटून हुंगत, आणि शेवटी सळई व अंगठा दोन्ही गणपत ड्रायव्हरच्या खांद्याला पुसत. खांद्यावर कापड असे, पण त्यांचा नेम नेहमीच बरोबर लागे असं नाही.

"थकलं," ते म्हणत. "बदला."

तेल कधीच थकलेलं नसे. मागच्या महिन्याभरात त्यांची मोटार कर्जतच्या भातगिरणीपासून देवळापर्यंत गेलेली असे आणि परत आलेली असे. तेवढ्यावर तेल कसं थकावं, हे विचारायची तिथे पद्धत नव्हती.

त्यांच्याविषयी मला आदर नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. ते गेल्याला बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसाचं चांगलं तेवढं आठवावं असा प्रयत्न मी करून पाहिला. पण त्यांनी त्यासाठी फारसं सामान मागे ठेवलेलं नाही. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. घरात एखादी मोठी वस्तू येते, आणि पुढे त्या वस्तूचा उपयोग काय हा प्रश्न न विचारता सगळं घर तिच्या सेवेला लागतं. आमच्या मालकांच्या घरात ती वस्तू म्हणजे हिरवी मोटार होती. त्यांना सगळे मालकच म्हणत, मीही इथे तेच म्हणतो.

मोटार त्यांनी खोपोलीच्या वीजघरातल्या एका गोऱ्या इंजिनिअरकडून घेतली होती. तो इंजिनिअर रोज घाट चढून लोणावळ्याला जायचा आणि उतरून यायचा. विलायतेला परतताना त्यानं गाडी विकली, गाडीबरोबर कंपनीचं पुस्तक दिलं, आणि निरोप घेताना सांगितलं की महिन्याला एकदा इंजिनाचं तेल बदलत जा. त्याच्यासारखी चालवणाऱ्यासाठी सल्ला ठीक होता. मालकांनी त्यातला महिना तेवढा घेतला.

आता महिना म्हणजे आपला महिना, आणि आपला महिना अमावास्येला संपतो. शिवाय आमच्याकडे अमावास्येला बैल जुंपत नाहीत, आणि त्या सुट्टीत गाडीच्या आसाला वंगण घालून घ्यायचं अशी कुणब्यांच्या घरांतली रीत. मालकांच्या वडिलांच्या दारात बैलगाड्याच होत्या. तेव्हा अमावास्या आणि वंगण यांची गाठ त्यांच्या डोक्यात लहानपणीच बसलेली होती; फक्त बैलांच्या जागी गोऱ्याची मोटार आली. दर अमावास्येला मोटारीचं तेल बदललं जाऊ लागलं.

"मोटारीला मैल कळत नाहीत," ते म्हणत. "महिने कळतात."

या समारंभाला मला आमंत्रण असे. मी खालापूरच्या कचेरीत कारकून होतो आणि राहायला कर्जतला. माझ्यात मालकांना घेण्यासारखा एकच गुण दिसला होता: मला इंग्रजी वाचता येत होतं. अमावास्येच्या सकाळी गिरणीच्या आवारात मोटार आणून उभी करत. मालक कोट आणि जरीचा फेटा घालून मागच्या सीटवर बसत. गणपत खाली सरपटून इंजिनाच्या पोटाचं बूच काढी, तेल परातीत पडू लागे, आणि मी नव्या डब्यावरचा इंग्रजी मजकूर मोठ्यानं वाचायचा. लोक हात जोडून ऐकत. डबा उन्हात ठेवू नये आणि रिकामा झाल्यावर भोक पाडून टाकावा, या सूचना मी कितीदा तरी म्हटल्या असतील. मालक मान डोलवत. एकदा मी कंटाळून मधला एक परिच्छेद गाळला तर त्यांनी मला थांबवलं.

"आज लवकर आवरलंत."

इंग्रजीचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं, पण वजन कमी भरलेलं त्यांना कळत असे. शेवटी भाताचे व्यापारी.

मी एकदा त्यांना शहाणं करण्याचा प्रयत्न केला. कंपनीचं पुस्तक वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं की तेल गाडी किती मैल चालली त्यावर बदलावं, रस्ता धुळीचा असेल तर जरा लवकर. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मैल कोणी मोजायचे? ज्याला कुठेतरी पोचायचं आहे त्यानं," ते म्हणाले. "तुमच्यासारख्यांनी. आम्हाला कुठे जायचंय?"

खरंच त्यांना कुठेही जायचं नव्हतं.

आमच्या भागात मोटारीच्या तेलाविषयी आणखी एक मत होतं, ते यशवंताचं. यशवंता कर्जत ते खालापूर सर्व्हिस मोटार चालवी. मी रोज तिच्यातूनच जात असे. लढाई सुरू होऊन पेट्रोल कुपनावर गेलं, तेव्हा त्याच्या मोटारीच्या मागे कोळशाच्या गॅसची भट्टी आली. दिसायला ती घरातल्या पाणी तापवायच्या बंबासारखी. सकाळी यशवंता तिला वारा घालत बसे आणि उतारू आपापली बोचकी घेऊन ती पेटण्याची वाट पाहत. चढ आला की आम्ही खाली उतरून ढकलत असू.

"तेल बदलायचं नसतं, भाऊसाहेब," यशवंता मला सांगे. "वरनं वतायचं असतं. लोणच्यागत मुरतं ते आतमंदी."

"आणि काळं होतं ते?"

"मुरलं की काळं व्हनारच की."

म्हणजे एकाच्या मते न वापरलेलं तेल दर महिन्याला फेकायचं आणि दुसऱ्याच्या मते वापरलेलं कधीच काढायचं नाही. बरोबर मत माझ्याकडे होतं, पण माझ्याकडे मोटार नव्हती.

यशवंताचं इंजिन म्हातारं होतं आणि तेल पीत असे. लढाईत सगळं तेल लष्कराच्या गाड्यांकडे जाऊ लागलं आणि त्याला वरून ओतायलाही मिळेना. मालकांच्या गिरणीत मात्र भाताच्या पोत्यांआड डबे होते. तेव्हा एका अमावास्येला यशवंता आवारात आला आणि परातीकडे बघत उभा राहिला. परातीतलं तेल मधासारखं स्वच्छ होतं. खाली गणपतचं तोंड दिसत होतं त्यात.

"मालक," यशवंता म्हणाला, "येवडं परातीतलं द्या माज्या गाडीला. तुमाला काय फेकायचंच हाय."

मालक सीटवरून खाली उतरले नाहीत. "आमच्या घरातून उष्टं कोणाला देत नाहीत."

"मोटारीला कसलं आलंय उष्टं, मालक?"

"तुझ्या मोटारीला नसेल. आमच्या गाडीनं महिनाभर तोंडात धरलेलं तेल आहे हे. ते तू दुसऱ्या इंजिनाला पाजणार? उद्या आमच्या गाडीचं नाव निघेल."

"सर्विस बंद पडंल, मालक. आजारी मानसं, बाळंतिणी, समदी त्याच गाडीनं जात्यात ठेसनावर."

"म्हणूनच सांगतो," मालक म्हणाले. "बाळंतिणींना उष्ट्या तेलावर नेऊ नये."

मग त्यांनी गणपतला हुकूम केला की तेल कुंपणाच्या खांबांना ओत, वाळवी लागते.

गणपतनं परात उचलली आणि कुंपणाकडे चालू लागला. कुंपणाच्या पलीकडे यशवंताची मोटार उभी असे. पुढचं मी सांगायला नको. त्या दिवसापासून दर अमावास्येला मालकांचं तेल यशवंताच्या इंजिनात गेलं आणि सर्व्हिस चालत राहिली. हे गणपतच्या बायकोला माहीत होतं, गिरणीतल्या हमालांना माहीत होतं, स्टेशनावरच्या हमालांना माहीत होतं, देवळाच्या गुरवाला माहीत होतं. मालकांना तेवढं माहीत नव्हतं. कुंपणाचे खांब वाळवीनं पोखरले, तेव्हा त्यांनी त्याचंही कारण शोधलं.

"हल्लीच्या वाळवीला तेल पचायला लागलंय," ते मला म्हणाले. "लढाईचे दिवस. सगळ्यांचीच भूक वाढली."

मोटार कशासाठी घेतली होती, हे आता सांगायला हवं. मालकांना रावसाहेब व्हायचं होतं. सरकार त्या काळी असल्या पदव्या वाटत असे. लढाईच्या फंडाला त्यांनी मोठी देणगी दिली होती. घरात गणपतनं त्यांना रावसाहेब म्हणायचं आणि दाराबाहेर मालक म्हणायचं, अशी व्यवस्था होती. सवय असलेली बरी म्हणून. पण वर शिफारस जायची ती प्रांतसाहेबांची, आणि प्रांतसाहेबांना मालक कोण हेच माहीत नव्हतं. पदवी त्यांना मिळाली नाही, हे इथेच सांगून टाकतो. काही वर्षांनी ती देणारे बोटीत बसून गेले आणि प्रश्नच मिटला. पण तेव्हा मालकांना हे कसं कळावं? तो माणूस रोज सकाळी टपाल येईपर्यंत चहा घेत नसे.

अशात एका हिवाळ्यात बातमी आली की प्रांतसाहेब आगगाडीनं कर्जतला उतरून खालापूरच्या कचेरीची तपासणी करायला जाणार आहेत. त्यांची सरकारी मोटार दुरुस्तीला गेलेली होती. मालकांनी कचेरीत अर्ज दिला की आमची गाडी साहेबांच्या सेवेला हजर राहील. अर्ज मंजूर झाला. साहेबांबरोबर कर्जतहून जायचं काम माझ्याकडे आलं. मालकांनी मला बोलावून घेतलं.

"साहेब आमच्या शेजारी बसतील," ते म्हणाले. "वाटेत बोलणं होईल. माणूस शेजारी बसला की नाव विचारतोच."

"विचारतो."

"आम्ही आपणहून सांगणार नाही. ते बरं दिसत नाही. विचारलं की सांगू." त्यांनी फेटा सारखा केला. बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते, मोटारीकडे बघत होते. "एकदा नाव साहेबांच्या तोंडी बसलं की झालं."

साहेबांचा दिवस अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी होता. मालकांना हा शुभसंकेत वाटला: साहेब ताज्या तेलावर जाणार. पोत्यांआडचे डबे संपले होते, पण मुंबईहून नवा डबा आगगाडीनं पाठवल्याची खबर होती. त्या भरवशावर अमावास्येच्या सकाळी बूच काढलं गेलं. मी वाचायला हजर होतो. वाचायला काही नव्हतं. पहिल्या गाडीला पार्सल आलं नाही, दुपारच्या गाडीलाही आलं नाही. स्टेशनमास्तर म्हणाले की लष्कराच्या मालापुढे आता आठवडाभर काही यायचं नाही.

परात मोटारीखाली तशीच होती. गणपत तिच्याकडे बघत म्हणाला, "मालक, हेच वतू का परत? सोन्यासारखं हाय."

"ओकलेलं गिळायचं?" मालक म्हणाले.

"पर कोरड्या गाडीनं साहेब जानार कसं?"

मी म्हटलं, "मालक, ते तेल एका दिवसाइतकंही वापरलेलं नाही. चालेल."

मालक माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदा भीती दिसली, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. आपणच घातलेल्या नियमात माणूस कसा अडकतो ते बघायला मिळणार होतं. सगळं आवार बघत होतं. यशवंताला जे उष्टं म्हणून नाकारलं, ते साहेबाच्या गाडीत कसं घालणार?

"तेल्याकडे जा," ते गणपतला म्हणाले. "घाण्यावरचं तिळाचं तेल आण. देवाच्या समईला चालतं, ते हिला चालणार नाही?"

"पुस्तकात याला परवानगी नाही," मी म्हणालो.

"पुस्तक लिहिणाऱ्यानं तीळ पाहिले होते का?"

तेल आलं. गणपत सळईवरच्या खुणेपर्यंत ओतून थांबला. मालकांना ते दरिद्रीपणाचं वाटलं.

"भरा," ते म्हणाले. "साहेब बसणार आहेत."

"खून आलीया, मालक."

"खूण गोऱ्याची. हात आखडू नकोस. गळ्यापर्यंत भर."

गळ्यापर्यंत भरलं. मी मध्ये पडलो नाही. एकदा बोलून झालं होतं, आणि दुसऱ्यांदा बोलण्याइतका मी त्यांचा हितचिंतक नव्हतो.

दुसऱ्या दिवशी प्रांतसाहेब आगगाडीतून उतरले. आपल्यातलेच होते, पण विलायतेला राहून आलेले. मराठी जपून बोलायचे. मालकांनी हार घातला. साहेब मागे त्यांच्या शेजारी बसले, मी पुढे गणपतच्या शेजारी. छप्पर मालकांनी मुद्दाम दुमडून ठेवलं होतं, लोकांना दिसावं म्हणून. स्टेशनापासून बाजारपेठ संपेपर्यंत सगळं छान चाललं. लोक बघत होते. मालक सरळ बसले होते.

गाव मागे पडल्यावर आमच्या मागे धूर दिसू लागला. आधी पांढरा, मग निळसर. शेतांत भाताची कापणी होऊन गेलेली, रस्त्याला सावली नाही, आणि हवेत एक खमंग वास.

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. "इथे जवळ कुठे भजी तळताहेत का?"

"आमच्याच गाडीचा वास आहे, साहेब," मालक अदबीनं म्हणाले. "शुद्ध तिळाचं."

साहेबांनी मान हलवली आणि दुसरीकडे बघू लागले. नाव विचारायची वेळ आली होती ती तिथेच गेली. चौक गावाच्या अलीकडे इंजिन खोकलं, चार हिसके दिले आणि बंद पडलं. गणपतनं झाकण उघडलं. जास्तीचं तेल फेसाळून जाऊ नये तिथे गेलं होतं. प्लग काढले ते तेलात बुडवून काढल्यासारखे निघाले. त्यानं ते पुसून लावले, गाडी ढकलून पाहिली, हँडल मारून पाहिलं. धुराचा एक लोट येऊन आमच्या अंगावर बसला, बाकी काही झालं नाही.

मालक खाली उतरले नाहीत. "थंड होऊ द्या तिला," एवढंच म्हणत होते.

मागून यशवंताची सर्व्हिस आली. भट्टी धुमसत होती, टपावर कोंबड्यांच्या पाट्या. यशवंतानं आमची दशा पाहिली आणि थांबला. त्याला हसू आलं असणार, पण साहेब बघून त्यानं ते गिळलं. "साहेब, या म्होरं. ए, जरा सरका रं. साहेबांना बसू द्या."

साहेब घड्याळ बघून चढले. मला जाणं भागच होतं. यशवंतानं मागे वळून हाक मारली. "मालक, तुमी पन या. हाय जागा."

"आमची गाडी आहे," मालक म्हणाले.

सर्व्हिसमध्ये साहेब एकदम खुलले. यशवंताच्या शेजारी बसून त्यांनी त्याचं नाव विचारलं, त्याच्या गावाचं नाव विचारलं, समोरच्या डोंगराचं विचारलं, एका म्हातारीच्या टोपलीतल्या भाजीचं विचारलं. नावं विचारायची त्यांना आवडच होती.

"आणि हिचं तेल किती दिवसांनी बदलतोस?"

"बदलतो कशाला, साहेब? वरनं वततो. मुरतं."

साहेब पोट धरून हसले. एका चढावर ते खाली उतरून आमच्याबरोबर ढकलूसुद्धा लागले. खालापूरला उतरताना त्यांनी यशवंताच्या पाठीवर हात ठेवला. मागे रस्त्यात बसलेल्या माणसाविषयी त्यांनी अवाक्षर काढलं नाही. तपासणी झाली, साहेब दुसऱ्या वाटेनं पनवेलला गेले.

परतताना मी यशवंताच्याच मोटारीत होतो. ऊन उतरलं होतं. आणि त्याच ठिकाणी ती हिरवी गाडी उभी होती. मागच्या सीटवर मालक बसले होते, सकाळी बसले होते तसेच, फेटा, कोट, नजर पुढच्या रस्त्यावर. गाडी चालू आहे असं लांबून कोणालाही वाटलं असतं. साहेबांच्या गळ्यातून काढून ठेवलेला हार शेजारच्या जागेवर पडला होता. गणपत दिसत नव्हता.

"थांबतो जरा," यशवंता हळूच म्हणाला. "तुमी बोला. माजं ऐकायचं न्हाईत ते."

मी उतरलो. माझ्याकडे एक वाक्य तयार होतं. ते मी सकाळपासून मनात घोळवत होतो, आणि इतकं चांगलं वाक्य मला पुन्हा कधी सुचलं नाही. ज्या मोटारीतून साहेब गेले, ती गेले कित्येक महिने तुमच्या उष्ट्यावर चालते आहे. बस्स, एवढंच सांगायचं होतं. मी गाडीचं दार उघडलं.

"चला, मालक. जागा आहे."

"साहेब वेळेवर पोचले?"

"पोचले."

"काम झालं त्यांचं?"

"झालं."

धूळ त्यांच्या मिशांवर बसली होती, भुवयांवर बसली होती. दिवसभरात ते पाणीसुद्धा प्यायले असतील असं वाटेना.

"आमचं नाव विचारलं त्यांनी?"

मी यशवंताच्या मोटारीकडे पाहिलं. भट्टीचा धूर सरळ वर जात होता.

"विचारलं," मी म्हणालो.

"मग? काय सांगितलंत?"

"सगळं सांगितलं. वडिलांच्या नावासकट."

"आडनाव?"

"आडनावही."

त्यांनी पहिल्यांदा रस्त्यावरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं. "लिहून घेतलं का?"

"घेतलं."

मालकांनी मान हलवली. हार उचलून मांडीवर ठेवला, पाठ सीटला टेकवली आणि हात मांडीवर जुळवले. दिवसभरात ते पहिल्यांदाच टेकून बसले असावेत.

"तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले. "गणपत बैल आणायला गेलाय. आणि ते दार नीट लावून घ्या, आत धूळ येते."

गाडी चारी बाजूंनी उघडी होती. मी दार नीट लावून घेतलं.